गोपनीयच्या साहेबांना दिलेला शब्द

कंपनीच्या गेटवर कामगारांची मीटिंग असली की आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन ठरलेला. "काय नेते, उद्या काय हाय?" हे गृहस्थ पोलिसांच्या गोपनीय शाखेतले. गोपनीय म्हणे! महाळुंग्याच्या झाडून साऱ्या चहावाल्यांना ते ठाऊक होते. साध्या कपड्यांत यायचे, भाषणं होईपर्यंत मागे उभे राहायचे आणि घोषणा संपल्या की आमच्यातच चहा घ्यायचे.

मी त्यांना सगळं सांगायचो. कोण बोलणार, किती वेळ बसणार, रस्ता अडवणार की नाही. युनियनमधले काही जण माझ्यावर वैतागायचे. पण लपवलं की वर भलतंच कळतं आणि सकाळी गेटवर पोलिसांची गाडी भरून येते, हे मी एकदा भोगलं होतं. म्हणून एक पथ्य पाळलं. त्यांना जे सांगायचं, तसंच वागायचं. असं करता करता केस पिकले. मागण्या मात्र त्याच राहिल्या.

यंदा माझी मुलगी देहूरोडच्या लष्करी कार्यालयातल्या नोकरीची परीक्षा पास झाली. फक्त पोलीस पडताळणी राहिली होती. बापाच्या आंदोलनांपायी पोरीची नोकरी जाते की काय, म्हणून माझी झोप उडाली. आणि चौकशीला दारात उभे राहिले ते हेच साहेब.

चहा झाल्यावर मी विचारलंच, "साहेब, माझ्याबद्दल आजवर काय काय लिहिलंत?"

"तुमी सांगितलं त्येच. पदरचं काय बी न्हाई."

खरंच होतं ते. वर्षानुवर्षं माझी फाईल मीच भरत आलो होतो, तीही हसतखेळत. राग काढायचा तरी कुणावर?

"आता येकच सांगा नेते," ते म्हणाले. "ह्ये समदं चालूच हाय का थांबलात? थांबलात म्हणलं, की पोरीचं काम कुठं अडत न्हाई."

दुसऱ्याच दिवशी गेटवर मीटिंग होती. कंत्राटी बायकांना कामावरून काढलं होतं आणि त्यांच्या बाजूने मी बोलणार होतो. साहेबांना हे ठाऊक नसेल, असं होणं शक्य नव्हतं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघायचं टाळत होती.

"थांबलो," मी म्हणालो.

ते उठले, सावकाश चपला घातल्या. तेही दमलेले दिसत होते.

सकाळपासून फोन वाजत राहिला. मी उचलला नाही. संध्याकाळी त्या बायकांपैकी एक घरी आली. परभणीकडची, दोन लेकरांची आई.

"भाऊ, तब्येत बरी नव्हती का? लई वाट बघितली आम्ही. तुमच्याबिगर कुणी बोललंच नाही."

मी हो म्हणून मान हलवली. काळजी घ्या म्हणून ती गेली. पुढे मुलीला नोकरी लागली, त्या बाईंना कुणी परत घेतलं नाही. मला लाज वाटते. पण साहेबांनी उद्या पुन्हा विचारलं, तर मी हेच सांगेन.