देवघरातली बाटली

परवा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये व्यसनमुक्तीचं भाषण होतं. पडद्यावर चित्रं दाखवत एक तरुण डॉक्टरीण सांगत होती, की हल्लीची मुलं खोकल्याचं औषध पितात, झोपेच्या गोळ्या खातात, औषधांच्या दुकानातून आलेली ही नवीच लाट आहे. मागच्या बायका 'अगंबाई' करत होत्या. माझं डोकंच फिरलं. उठले आणि म्हटलं, "नवी काय डोंबलाची? तुझी आई जन्मली नव्हती तेव्हा माझ्या घरात हे देवघरात ठेवलेलं असायचं!" शेजारणीनं पदर ओढून मला खाली बसवलं. बसले. पण राग काही बसेना, म्हणून लिहायला घेतलंय.

माझं माहेर विक्रोळीचं. बाप कारखान्यात, आम्ही चाळीत. सासर मुलुंडला, दोन खोल्यांचा ब्लॉक, दारात तुळस. जात एक, गावंही कोकणातली शेजारशेजारची, पण ते कचेरीवाले आणि आम्ही कारखान्यातले. सासरे आधीच वारले होते. घरात सासू, नवरा आणि मी एवढीच माणसं. सासूच्या गळ्यात तुळशीची माळ आणि सदा नाकानं कांदे सोलायची हौस. लग्नानंतर आठ दिवसांत तिनं मला ऐकवलं, "तुमच्याकडं काका पितो म्हणे. आमच्या सात पिढ्यांत कुणी थेंबाला शिवलेलं नाही हो."

काका प्यायचा, खोटं कशाला बोलू? खाडीतल्या झाडीत नवसागर घालून भट्ट्या लागायच्या, तिथली प्यायचा. दारूबंदीचे दिवस होते. त्याचा एक दोस्त तसलीच पिऊन एका रात्रीत आंधळा झाला, तरी काका सुटला नाही. पण आम्ही त्याला दारुडाच म्हणायचो. आजी तर तोंडावर म्हणायची.

आणि इथं मुलुंडला रोज जेवणाआधी सासू देवघरातून एक बाटली काढायची. गणपतीच्या मागे, गंगेच्या गडूशेजारी तिची जागा. तेव्हा दवाखान्यातली औषधाची बाटली कशी असायची, ठाऊक आहे का? बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीला कात्रीनं पाडलेल्या खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. सासू बाटली डोळ्यासमोर धरून बरोबर खाचेपर्यंत पेल्यात ओतायची, हात जोडायची आणि लेकाला द्यायची. कधीतरी ह्यांचं पोट दुखायचं म्हणून डॉक्टरांनी सुंठीचा अर्क दिला होता. ते डॉक्टर पुढं गावी निघून गेले. त्यांचा कंपाउंडर मात्र राहिला, त्यानं औषधांचं दुकान टाकलं आणि अर्क चालूच ठेवला. मेल्याच्या दुकानात संध्याकाळी कोट घातलेल्या माणसांची ही गर्दी! सगळ्यांचीच पोटं दुखायची.

पहिल्याच दिवशी पेला विसळताना मला वास आला. सुंठीच्या मागून तो आमच्या काकाचा वास. मी सरळ बोलून गेले, "आई, ही दारू आहे."

सासूनं हातातली पळी खाली ठेवली. "माहेरी तेच नाकात गेलं ना, म्हणून तुला सगळीकडं तोच वास येतो."

हे तिथंच पाटावर बसले होते. मान खाली घालून जेवत राहिले.

हे एका कचेरीत नकाशे काढायचे. केसाइतकी बारीक रेघ, सरळ, कुठं थांबली ते कळायचं नाही. माझं नाव त्यांनी एकदा नकाशाच्या अक्षरांत काढून दिलं होतं, अजून आहे माझ्याकडं. माणूस वाईट नव्हता हो. पण सकाळी उठले की हात असे थरथरायचे की चहा बशीत सांडायचा. मग आई एक खाच द्यायची आणि पंधरा मिनिटांत हात दगडासारखा स्थिर. "बघ, औषधाचा गुण!" ती मला म्हणायची. एकादशीलाही द्यायची. औषधाला उपास नाही म्हणे. मी आले तेव्हा बाटली आठवडाभर पुरायची. वर्षभरात ती दोन दिवसांवर आली. तिला वाटायचं, दुखणं जुनं झालंय, तर डोस वाढणारच.

शेजारीपाजारी कुणी दारू पिताना पकडला गेला की हीच बाई गॅलरीत उभं राहून त्याच्या बायकोची कीव करायची. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

दीड वर्ष झालं असेल. कचेरीतून येताना हे गटारावरच्या फळीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. इस्पितळात नेलं, पाय वजन लावून टांगला. तिथं बाहेरचं औषध चालत नव्हतं, म्हणून बाटली देवघरातच राहिली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, झोप नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गेलो तर हे चादर नखांनी खरवडत होते. मला म्हणाले, "रेघा पळतायत बघ. पूस त्या. अगं पूस ना, साहेब येतील!" डोळे माझ्याकडं होते, पण मी त्यांना दिसतच नव्हते. दोन वॉर्डबॉय त्यांना धरून उभे होते आणि अंग तापानं फणफणत होतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सासूलाच विचारलं, "हे दारू पितात का? खरं सांगा, जिवाचा प्रश्न आहे."

सासूनं तुळशीची माळ हातात धरली. "ह्या माळेची शपथ. माझ्या लेकानं जन्मात दारूला हात लावलेला नाही."

आणि ती खोटं बोलत नव्हती, हेच तर! तिच्या लेखी ते खरंच होतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि मेंदूला सूज असेल म्हणून नर्सला काही काही सांगत सुटले. इस्पितळात माहेरचे रंग दाखवायचे नाहीत, असं सासूनं सकाळीच मला बजावलेलं होतं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. किती वेळ उभी होते कोण जाणे, लाज वाटते सांगायला.

डोळ्यासमोर काका येत होता. एकदा पोलिसांनी भट्ट्या मोडल्या, चार दिवस त्याला मिळाली नाही, तेव्हा तोही असाच ओरडत होता, "अगो, कुर्ल्यो चढतत गो भिंतीर!" भिंतीवर एकही खेकडा नव्हता. आजीनं शिव्या घालत त्याला दोन घोट पाजले, तेव्हा तो निवला. मग रोज घोटभर कमी करत आणली. अडाणी बाई, पण घरात दारुडा आहे हे तिला मान्य होतं, म्हणून काय करायचं ते सुचलं.

मी आत गेले आणि सासूच्या देखत डॉक्टरांना सांगितलं, "हे रोज पितात. बाटली घरी आहे, आणते." मी घर गाठलं, आंघोळ न करता देवघरात हात घातला, बाटली पिशवीतून आणली. डॉक्टरांनी बूच काढून वास घेतला आणि ते सासूला म्हणाले,

"आजी, ही दारूच आहे. विलायती दारूपेक्षा कडक. रोजची सवय एकदम तुटली, म्हणून ही अवस्था झालीय." त्यांनी ताबडतोब इंजेक्शनं दिली, आणि म्हणाले, "हीच थोडी थोडी द्यायची, रोज कमी करत. आठव्या दिवशी बंद. पुन्हा थेंब नाही, यकृत आताच सुजलंय." तसं इंग्रजीत लिहूनही दिलं.

हे वाचले. मला वाटलं, जिंकले मी! कसलं काय! सासूनं एवढं सगळं ऐकलं आणि त्यातलं एकच धरून ठेवलं: मोठ्या डॉक्टरांनी हीच द्या म्हणून सांगितलं. हाड जुळेपर्यंत दोन महिने ती डब्याबरोबर बाटलीही नेत राहिली, आणि हे घरी आल्यावर तिनं ती चिठ्ठी ह्यांच्या हातात दिली. "वाच रे बाळा, हिला कळू दे."

ह्यांनी वाचलं, "दिवसातून तीन वेळा."

"पुढचं वाचा की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कागदाची घडी घातली आणि आईला परत दिला. "एवढंच आहे."

ह्या माणसाला मी मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं! मी सगळं सांगितलं, डॉक्टर काय बोलले ते शब्दन्‌शब्द. सासू शांतपणे म्हणाली, "इंग्रजी तुला येतं की त्याला?" चिठ्ठी गणपतीच्या पाटाखाली गेली. आल्यागेल्याला ती काढून दाखवायची.

एकदा रागाच्या भरात मी बाटली मोरीत ओतली. भरलेली, अख्खी. सासूनं माझ्या मुस्काटात मारली, त्याचं काही नाही. पण संध्याकाळी ह्यांचे हात सुरू झाले, घाम सुटला, डोळे भिंतीवर काहीतरी शोधू लागले. एकदम बंद केली तर जिवावर बेततं, हे मीच ऐकलं होतं ना? मीच चपला घालून कंपाउंडरच्या दुकानात पळाले. त्या कोटवाल्यांच्या रांगेत उभी राहिले, लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन. कंपाउंडर हसला आणि नवी पट्टी चिकटवलेली बाटली माझ्या हातात दिली. तेवढं मी कुणालाच माफ केलेलं नाही.

कमी करत नेऊ म्हटलं तर तिकडं तिसरी खाच, चौथी खाच चालूच. मी म्हणायचे, "अहो, तुम्हाला कळतंय ना?" हे म्हणायचे, "हात थांबायला हवा गं. रेघ वाकडी गेली तर नोकरी जाईल." नोकरी गेलीच शेवटी. मग डोळे हळदीसारखे पिवळे झाले. हातपाय काटक्या आणि पोट पाण्यानं फुगलेलं, सातव्या महिन्यातल्या गरोदर बाईसारखं. एका सकाळी मोरीत रक्ताची उलटी झाली. पुन्हा तेच इस्पितळ, पण डॉक्टर दुसरे. त्यांनी पोटातलं पाणी काढलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरी न्या."

लग्नाला पाच वर्षं पुरती झाली नव्हती. हे दुपारी गेले, ऊन गॅलरीतून आत आलं होतं. तोंडात गंगा सासूनं घातली. बायका जमल्या, प्रत्येकीला ती तेच सांगत होती, जुनं पोटाचं दुखणं, आयुष्यात वावगं काही केलं नाही माझ्या बाळानं. बायका माना हलवत होत्या.

सगळं उरकल्यावर आम्ही दोघीच राहिलो. ती भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडं बघून, अगदी लहान पोरीसारखं, म्हणाली, "एक दिवस औषध चुकू दिलं नाही गं. मग असं कसं झालं?"

तिच्या तोंडावर मारायला मी पाच वर्षं वाक्यं साठवून ठेवली होती. तोंड उघडलंही. पण शेवटचे पाच महिने तिला मोतीबिंदूनं पट्टीवरची खाच दिसत नव्हती, आणि ह्यांच्या अंगात कापरं भरलं की मला बघवत नव्हतं. बाटली डोळ्यासमोर धरून मीच ओतत होते, बरोबर खाचेपर्यंत.