पिंडाश्म

दहाव्याहून परत येऊन, डोक्यावरून पाणी घेऊन सुलभा गौरकर जरा आडवी होते. दुपारचे दोन वाजलेत, पंखा फिरतोय, आणि झोप दाराशी चपला काढत उभी आहे. आत काही येईना. येईल कशी? मन खातंय ना.

दहावा होता पिदूरकरसरांचा. चंद्रपूरच्या कॉलेजात तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलेला माणूस. सुलभा आधी त्यांची विद्यार्थिनी, मग सहकारी, आणि गेली अकरा वर्षं त्यांच्यासोबत शाळकरी मुलांसाठी खडकांचा परिभाषाकोश रचणारी. सकाळी इरई नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. सरांच्या मुलानं हात जोडून सगळी वचनं देऊन पाहिली. आईला सांभाळीन, पुस्तकं रद्दीत घालणार नाही. झाडावर पाच कावळे, पण एक हलेल तर शपथ. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. 'जीव कशात अडकलाय कोणास ठाऊक,' लोक हळहळले. सुलभाला ठाऊक होतं. ती झाडाखाली तोंड मिटून उभी राहिली.

सर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी कोश समितीच्या अध्यक्षांचा फोन आला होता. 'पिंडाश्म' हे खडकाचं नाव पोरांच्या पुस्तकात अशुभ वाटतं, 'गोटेखडक' करू या का? भांडायला सर नव्हते. सुलभा 'करा' म्हणून मोकळी झाली. आज संध्याकाळी कोश छापायला जायचा आहे.

पंख्याचा आवाज पाण्यासारखा येऊ लागतो.

ती नदीकाठीच बसली आहे, पण काठावर कॉलेजचे बाक मांडलेत आणि पाणी पहिल्या बाकाला लागलंय. फळ्यापुढे सर. इस्त्रीचा सदरा, हातात ती जुनी हातोडी. घोट्यापर्यंत पाण्यात उभे आहेत, आणि पाणी त्यांच्या पायांना अडत नाही.

"काहून वो सुलभा, मांगं काहून बसली?"

"सर, तुम्ही तर..." पुढचं बोलणं बरं दिसत नाही.

"गोटेखडक म्हणजे काय, सांग."

"गोट्यांचा खडक, सर."

"गोटे त या नदीतबी आहेत. हे खडक होय काय?"

ती खाली बघते. बाकांखालून गोटे घरंगळत चाललेत, गोल, गुळगुळीत, एकमेकांना ओळख न देता.

"नाही सर. हे मोकळे आहेत."

"मंग?"

"फटींत वाळू बसते, चुना बसतो, तो घट्ट होतो. गोट्यांना धरून ठेवतो. तेव्हा खडक होतो."

"हे धरून ठेवणं कोणत्या शब्दात आहे?"

"पिंडात," सुलभा म्हणते आणि तिला रडू फुटतं. एवढं साधं अध्यक्षांना सांगता आलं नाही! भ्यायली, दुसरं काय.

डोळे पुसून ती मान वर करते तर सरांचं स्वयंपाकघर. काकू ओट्याकडे तोंड करून भात उपसताहेत. सुलभा हाक मारते. काकू वळत नाहीत. ओट्याखालून पाणी वाहतंय. सर परातीसमोर बसलेत आणि भात मळताहेत.

"शितं मोकळी आहेत. दाबली का पिंड. माणूसबी असाच."

"सर, माझ्यावर रागावलात?"

"रागावू कायले? मी सुटून रायलो वो. मले धरून ठेवणारं काही उरलंच नाही." ते हसतात, आणि त्यांच्या हातातून काहीतरी परातीत पडतं. टण्. "हात पुढं कर."

ती हात पुढे करते. सर गोळा ठेवून तिची मूठ मिटवतात. त्यांची बोटं नदीतल्या दगडाइतकी गार आहेत, आणि एकेक करून ती परातीत गळू लागतात. टण्. टण्. काकू अजूनही वळत नाहीत.

सुलभा दचकून उठते. साडेतीन झालेत. उजवी मूठ इतकी घट्ट मिटलेली की नखं रुतलीत. ती सोडवते. आत भाताचा गोळा आहे, त्यात काळे तीळ. सकाळी तिनं पिंडाला हातही लावला नव्हता.

ती गोळा खिडकीत ठेवते आणि अध्यक्षांना फोन लावते.

"पिंडाश्मच छापा."

"अहो गौरकरबाई, ठरलं होतं ना आपलं? अशुभ..."

"गोटे नदीतही असतात, साहेब. खडकात ते धरून ठेवलेले असतात, हे त्या शब्दात आहे. तो जाणार असेल तर कोशावरनं माझं नाव काढा. सरांचंही."

पलीकडून एक सुस्कारा. "बरं बाई. पिंडाश्म."

फोन ठेवायच्या आतच खिडकीत पंख फडफडतात. कावळा मान वाकडी करून तिच्याकडे बघतो आणि गोळ्यावर चोच मारतो.

टक्.

सरांची हातोडी खडकावर पडायची, तसा आवाज.