दोन बोटं आखूड

साहेब सकाळीच येणार होते, आणि दुपार कलली तरी वाटूर फाट्यावर त्यांची गाडी दिसेना. ओट्यावरून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यावरून ओट्यापर्यंत आबांनी इतक्या चकरा मारल्या की मला बघूनच गरगरायला लागलं.

"बसा ना एका जागी," मी म्हटलं.

"तूच उभी राहून राह्यली सकाळपासून, मला काय शिकवती?"

खरंच होतं ते. मी जालन्याहून रजा काढून आले होते आणि माझाही पाय ठरत नव्हता.

सगळा घोर एका बंदुकीचा. कवायतीची बंदूक, नळीला भोक पाडून कायमची निकामी केलेली, पोरांना खांद्यावर घेऊन चालायला शिकवण्यापुरती. दादा, माझा थोरला भाऊ, शाळेत असल्याच बंदुकीवर कवायत शिकला, पुढे फौजेत गेला आणि सीमेवरून परत आला नाही. नंतर शाळेने कवायतच बंद केली आणि बंदुका भंगारात काढल्या. आबा त्या ढिगापाशी बराच वेळ उभे राहिले आणि त्यातली एक उचलून घरी घेऊन आले. हीच आपल्या पोराची, म्हणाले. कशावरून, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आता शाळा दादाच्या फोटोसाठी एक कोपरा करते आहे. खाली ती बंदूक ठेवू, असं मुख्याध्यापक म्हणाले, आणि इतकी वर्षं निवांत असलेल्या आबांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. "दुसऱ्याच्या पोराची निघाली तं? माझ्या पोराच्या फोटूखाली कशी ठेवू?" जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी मीच संभाजीनगरचा जुन्या हत्यारांचा एक जाणकार गाठला, तेच हे साहेब. आबांचा हिशेब सरळ होता: बंदूक अस्सल निघाली की ती दादाचीच. असा काही नियम नसतो, हे मी सांगून थकले. ऐकतील तर ते आबा कसले! आणि आता मला भीती वाटत होती. साहेब नाही म्हणाले, तर हा माणूस माझ्यासमोर मोडून पडेल.

साहेब एकदाचे आले, चहा घेतला आणि बंदूक मांडीवर आडवी घेतली. बोल्ट काढून त्यावरचा नंबर पाहिला, मग नळीच्या बुडाचा. नंबर जुळेनात. "बोल्ट दुसऱ्या बंदुकीचा आहे," ते म्हणाले. मग लाकूड बघायला लागले, पण लाकूड दिसेल तर ना! आमच्याकडे खंडेनवमीला विळा, कोयता, मेंढरं कातरायची कातर अशी सगळी हत्यारं पुजतात. ती बंदूक घरी आल्यापासून माय त्या रांगेत तीही मांडायची. दरसाल तेल, हळद, कुंकू. दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या, टोकाला तर नुसते थरावर थर चढलेले.

साहेबांनी घासलेटाचं फडकं मागितलं.

"पुजेचं हाये ते," माय दारातून म्हणाली. आबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फडकं मीच आणून दिलं, आणि देताना चोरी केल्यासारखं वाटलं.

थर निघाले तसा साहेबांचा चेहरा उतरला. "अरेरे! दस्ता करवतीनं कापलाय हो. दोन बोटं तरी. टोकाची पितळी पट्टी गेली, शिक्काही गेला." धड असती तर चांगली किंमत आली असती, म्हणाले, अशी कापलेली कुणी हातातसुद्धा धरणार नाही. दुसरा जुना दस्ता मिळाला तर बसवून देतो, हेही म्हणाले. त्या भल्या माणसाचा मला उगाचच राग आला. आबा पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसले होते.

"कुणी कापली असंल?" त्यांनी विचारलं.

"मास्तरानं," माय म्हणाली.

आम्ही तिघांनीही मान वळवली. ती दारातून ओट्यावर आली होती आणि दस्त्याच्या उघड्या टोकाकडे बघत होती.

"आठवीत आपलं पोरगं समद्यात बुटकं होतं. बंदूक हातात धरून चाललं का दस्ता भुईला लागायचा. मंग कवायतीच्या मास्तरानं सुताराकून एकीचा दस्ता कापून आणल्ता, याच्या एकट्यासाठी. पोरं चिडवून राह्यली म्हणून रडत घरी आल्तं. पुढं उंच झालं तं इसरूनबी गेलं."

"मंग इतके दिस बोलली का न्हाई?" आबा ओरडलेच.

"इचारलं कुणी? आन् हीच ती, हे मला तरी काय ठाव? मी तं वरून कुंकूच लावून राह्यले."

आबा उठले. बंदूक पायाशी उभी धरून ताठ उभे राहिले. साहेब अजून त्या दुसऱ्या दस्त्याचं काही सांगत होते, पण कुणाचं लक्ष नव्हतं. माय पुढे आली. नळीच्या टोकाच्या जरा वर, हवेत, तिनं तळवा आडवा धरला आणि तो तिथंच राहू दिला.

"एवढंच होतं," ती म्हणाली.