जयूचा हात पोटावर गेला

मंडळी, आज शाळेतून घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

रानशेतच्या शाळेत मी गोष्टी सांगायला जाते. तिथली दुसरीतली जयू जेवणाच्या सुट्टीआधी शेजारच्या मंगीला चिमटे काढते. काल बाई वैतागल्या. "उद्या पुन्हा चिमटा काढलास तर तुम्हाला वेगळं बसवीन!" दोघी जिवाच्या मैत्रिणी, तोंडं एवढीशी झाली.

मी जयूला म्हटलं, "हात उठला की आधी पोटावर ठेव. आत काय होतंय ते मला सांग."

आज गोष्ट रंगात आली आणि जयूचा हात उठला. मंगीने डोळे गच्च मिटले. पण हात वळून पोटावर गेला. "आजी, आत खड्डा पडलाय. मना भूक लागली."

तिची आई पहाटेच चिकूच्या वाडीत कामाला जाते; पोर कोऱ्या चहावर शाळेत येते. बाईंनी आपल्या डब्यातली भाकरी काढून दिली. जयूने तुकडा मोडून मंगीला दिला.

मंगी म्हणते, "आता काढ बघू चिमटा!"

बाईंनाही हसू आलं. "बसा दोघी एकत्रच."

तुमच्या घरी शेवटचं भांडण झालं, तेव्हा कोण उपाशी होतं हो?