नारायणगावातल्या समुद्राचं शेवाळ

ये, खुर्ची अशी जवळ ओढ. तू तिकडं पुण्यात आहेस हे मला माहितीय, तरी ओढ. आणि मला एक सांग, तुझ्या त्या काचेच्या पेटीत मूठभर हिरवं उगवलं, तर तू दुकानातनं औषधाच्या बाटल्या आणल्यास, कॉम्प्युटरवर कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांना विचारत बसलीस, आणि सख्ख्या मावशीला एक फोन करावासा वाटला नाही? मावशी टोमॅटोवाली, तिला खाऱ्या पाण्यातलं काय कळतंय, असंच ना? अगं, तुझ्या कितीतरी आधी आमच्या नारायणगावात समुद्र आला होता. आणला कुणी, तर माझ्या धाकट्या दिरानं. ऐक आता, आणि वाचता वाचता मध्ये उठू नकोस.

दिराला एका वर्षी टोमॅटोचा चढा बाजार सापडला, आणि हायवेलगत आमच्या शेजारीच त्याचा बंगला उभा राहिला. पुढं मुंबईच्या कुण्या द्राक्षाच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात त्यानं खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी बघितली आणि तिथंच त्याचं डोकं फिरलं. साधे मासे त्याला नको होते. साधे मासे आमच्या दाताच्या दवाखान्यातसुद्धा होते. त्याला समुद्रच पाहिजे होता. घाटावर, द्राक्षाच्या मळ्यात, समुद्र.

माझी धाकटी जाऊ, त्याची बायको, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोकनात जायाचं म्हनलं तर माळशेज उतरस्तवर तीनदा वकता तुमी. आन आता समुद्र हॉलमधी?"

पण टाकी आली. ट्रंकेएवढी असेल, फार मोठी नव्हती. पुण्याहून एक माणूस आला, त्यानं मिठाची पाकिटं पाण्यात कालवली, समुद्रातले भोकाभोकांचे दगड रचले. दगडांवर शर्टाच्या बटणाएवढी फुलं होती, दिवा लावला की उमलायची. ती फुलं नसतात, जिवंत प्राणी असतात, हे मला तेव्हा कळलं. नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. आणि एक कोळंबी, पाठीवर लाल, मधून पांढरी रेघ आणि या एवढाल्या पांढऱ्या मिशा. माणसानं जाताना बजावलं की पाणी फिल्टरचं शुद्धच घालायचं, खाणं दिवसातून एकदा चिमूटभर, दिवा ठरावीक वेळच. दिरानं मान डोलावली. शेतकी खात्याचा साहेब बोलतो तेव्हा डोलावतो ना, तशी. म्हणजे साहेब जीपमध्ये बसेपर्यंत.

त्याच हंगामात टोमॅटोचं क्रेट उचलताना जावेच्या कमरेत कळ आली आणि ती जागीच बसली. मणक्याची गादी सरकलेली. डॉक्टर म्हणाले, फळीवर पडून राहायचं, हलायचं नाही, उठलात तर ऑपरेशन. आता ही बाई कशी, तर तापात फणफणत असताना खुरपायला जाणारी. ती कुठली पडून राहतेय. पहिल्या दिवशी तिला मी दोनदा स्वयंपाकघराच्या दारातनं माघारी आणली. "नुसती भाकरी थापते अक्का, थापायला काय कंबर लागती व्हय," म्हणायची.

खोल्या वरच्या मजल्यावर, म्हणून तिची कॉट हॉलमध्ये टाकली, टाकीसमोर. दोन दिवस तिनं टाकीकडं पाठ केली. मग काय बघितलं कुणास ठाऊक. मला हाक मारून म्हणाली, "अक्का, हिकडं या. त्यो मासा बगा, तोंड उघडून हुबा ऱ्हातो, आन ही त्याचं दात कोरती." खरंच होतं. कोळंबी त्या माशाच्या तोंडात, कल्ल्यात, मिशा घालून साफसफाई करायची, आणि मासा न्हाव्याच्या दुकानात बसल्यासारखा गप्प. जाऊ तिला 'बाई' म्हणायला लागली. बाई उठली का, बाई कुठं गेली. आणि त्या नादात आमची बाई पडून राहिली. डॉक्टरच्या गोळ्यांनी जमलं नाही ते बोटाएवढ्या कोळंबीनं केलं. घरात सगळ्यांना ते दिसत होतं. टाकी आहे तोवर ही कॉटवर आहे, टाकी गेली की ही चुलीपाशी आणि तिथनं ऑपरेशनच्या टेबलावर.

आणि नेमकी तेव्हाच टाकी हिरवी पडायला लागली.

आधी काचेवर बुरशीसारखं, मग दगडावर केस. बोटभर लांब, हिरवे, पाण्याबरोबर हलणारे. फुलं त्याच्याखाली मिटून गेली. बाई दगडाच्या कपारीत जाऊन बसली ती दिसेना. आणि तुला सांगते, त्या शेवाळापेक्षा जास्त वेगानं आमच्या घरात शहाणे उगवले.

कृषी सेवा केंद्रवाला म्हणाला, मॅग्नेशियम कमी पडलंय. त्याच्या दुकानात मॅग्नेशियमच शिल्लक होतं. पेठ गावाहून दिराचे साडू आले, ते वास्तूचे जाणकार. ते म्हणाले, पाणी आग्नेयेला आलंय. मग चार गडी लावून टाकी सरकवली, अर्धं पाणी फरशीवर, आणि शेवाळ जसंच्या तसं. त्याला दिशा कळत नसावी. एकीनं सांगितलं, दृष्ट लागली. म्हणून टाकीवर लिंबू-मिरची. ती मिरची एक दिवस टाकीतच पडली. समुद्राला फोडणी देण्याचं तेवढं बाकी होतं.

पण कुणी हे बघितलं नाही की टाकीत काय पडतंय. अगं, आजारी माणसाला भेटायला आपल्याकडं अख्खी पंचक्रोशी येते. जो येईल तो जावेच्या उशाशी केळी ठेवायचा आणि दीर त्याच्या हातात माशांच्या खाण्याचा डबा द्यायचा. "घाला पावणं, तुमच्या हातानं घाला." आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय जाणार नाही आणि मासा पाहुण्याच्या हातचं खाल्ल्याशिवाय राहणार नाही, असा कारभार. निमगाव साव्याच्या आत्याबाईंनी तर बटर बुडवलं. चहात बुडवून खातात ते, बेकरीचं कडक बटर. "लेकराला कोरडं कसं जाईल," म्हणाल्या. ते फुगून फुगून टाकीच्या मागं गेलं आणि तिथंच कुजलं. आणि पाणी आटलं की गडी बोअरचं ओतायचा. चारी बाजूला द्राक्षाच्या बागा, वर्षानुवर्षं युरिया टाकलेला, तो मुरून जाणार कुठं? त्या बोअरचं पाणी म्हणजे आयतं खत. एकरभर रानाला जेवढा खुराक करत नाहीत तेवढा या लोकांनी एका पेटीला केला आणि वर विचारतात, उगवलं कसं.

एक दिवस संध्याकाळी मी जावेच्या पायाला तेल लावत होते. दीर आला, हातात मग, मगात निळंशार पाणी.

"काय हाय त्ये?" जावेनं विचारलं.

"औषद."

"कसलं?"

"मोरचूद. शेततळ्यात टाकतो त्येच. ऱ्हायलेलं हाय बागंच्या फवारणीचं. उद्या बग काच कशी लख्ख व्हती."

"मग आदी तुमी घोटभर घ्या."

"येडी का काय तू? मोरचूद कोन पितं?"

"मंग बाईनं काय करायचं? तिला दुसरा नळ हाय व्हय?"

जाऊ कॉटवरून मान वळवून त्याच्याकडं बघतेय. लग्न झाल्यापासून तिनं त्याला एवढं उलट बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"वयनी, तुमीच सांगा हिला," तो मला म्हणाला. "आवो, तळं साफ व्हतं त्यानं."

"तळ्यात कोळंबी असती का भाऊजी?" मी म्हटलं. "आणि मी काय सांगणार? तिनं घोटभर म्हटलं, मी म्हणते अर्धा ग्लास घ्या."

तो निळा मग मोरीत गेला. दीर दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. घर कसं शांत होतं.

मग मी पुण्याच्या त्या माणसाला फोन लावला. त्याला मोरचुदाचं सांगितलं तर टाकलं नाही ना, हेच त्यानं आधी दोनदा विचारलं. मग म्हणाला, "मावशी, माशांना कदाचित काही झालं नसतं. पण कोळंबी त्यातल्या थेंबानं गेली असती, फुलंही गेली असती. आणि मोरचुदातलं तांबं दगडात बसलं की निघत नाही, त्या दगडांवर परत कोळंबी जगत नाही." बोलणं त्याचं जरा शिष्टच. "शेवाळाला औषध विचारू नका, त्याला जेवायला कोण घालतंय ते विचारा," म्हणाला. मला राग आला. पण फोन ठेवल्यावर बघितलं, तर दिरानं डबा गावच्या सरपंचांच्या हातात दिला होता.

तो डबा मी काढून घेतला आणि माझ्या घरी डाळीच्या डब्यामागं ठेवला. रोज सकाळी येताना पदरात चिमूट बांधून आणायची. पाहुण्यांना सांगितलं, मासे जेवलेत. आत्याबाई रुसल्या. "मुक्या जनावराला उपाशी ठेवून कुनाचं भलं झालंय," म्हणाल्या, आणि चहा अर्धा टाकून जीप पकडायला गेल्या. जाऊ दे.

पाणी बाटलीबंदवाल्याच्या कारखान्यातनं मागवलं, लग्नाकार्याला जारमधून येतं ते. त्यात मीठ कालवून आदल्या दिवशी ठेवायचं. दर आठवड्याला टाकीतलं थोडं जुनं काढायचं, तेवढं नवं घालायचं. काढताना नळी तोंडानं ओढावी लागते, ट्रॅक्टरमधनं डिझेल काढतात तशी. दोन-चारदा अरबी समुद्र माझ्या पोटात गेला. दगडावरचे केस बोटांनी उपटायचे, वातीसारखे वळायचे आणि बाहेर टाकायचे. राहिलेलं टूथब्रशनं घासायचं, आणि सुटेल ते लगेच नळीनं ओढून घ्यायचं, नाहीतर ते दुसरीकडं जाऊन रुजतं. दिवा निम्म्या वेळेवर आणला. त्यात आमच्याकडं लोडशेडिंग. टाकीच्या पंपाला इन्व्हर्टर होता, दिव्याला मी लावू दिला नाही. लाईट जाण्यानं कुणाचं तरी भलं झालेलं मी तेवढंच बघितलं. पुण्याच्या माणसानं शेवाळ खाणाऱ्या पाच-सहा गोगलगायी पाठवल्या. आमच्या घरात न बोलता काम करणाऱ्या तेवढ्याच.

जाऊ कॉटवरून हुकूम सोडायची. "अक्का, डावीकडं ऱ्हायलंय. अवो तुमच्या डावीकडं न्हाई, माझ्या." बाई मात्र बाहेर येत नव्हती. आठवडे गेले. शेवाळ कमी झाल्यासारखं वाटायचं आणि पुन्हा तेवढंच दिसायचं. दीर जाता-येता म्हणायचा, "चालूंद्या तुमची खुरपनी."

एका सकाळी मी चिमूट घेऊन आले, तर जाऊ कोपरावर उठलेली. टाकीच्या पुढच्या काचेशी, वाळूवर, बाई पडली होती. पांढरट झालेली, मिशांसकट, आडवी. हलत नव्हती.

"धरा मला," जाऊ म्हणाली. "भाकऱ्या टाकायच्यात."

"अगं पड."

"कशाला पडू? काय बगायचं ऱ्हायलंय हितं?" आणि एक पाय तिनं खाली सोडलासुद्धा.

दीर दारातून म्हणाला, "मी म्हनत व्हतो मोरचूद—"

"तुमी गप बसा," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मी हात घालून ती उचलली. हाताला वजनच लागेना. पाठीशी चिरलेली, आतनं पोकळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मी बॅटरी घेतली आणि गुडघ्यावर बसून कपारीत उजेड मारला. आत, मागं, दोन पांढऱ्या मिशा हलत होत्या. कात टाकली होती तिनं. नव्या अंगाची, मऊ, लपून बसलेली.

"दावा," जाऊ म्हणाली. मी कॉट ओढून घ्यायला लावली, दिरालाच, आणि बॅटरी धरून बसले. ती लई वेळ बघत होती. मग पाय उचलून वर घेतला आणि डोकं उशीवर टेकलं.

"भाकऱ्या तुमीच टाका अक्का," म्हणाली. "तुमच्या वातड व्हत्यात, पर चालंल."

त्यानंतर काच हळूहळू निवळली, फुलं उमलली, बाई बाहेर येऊन माशांचे दात कोरायला लागली, आणि डॉक्टरांनी जावेला ऑपरेशनशिवाय उठवून बसवलं. पहिल्यांदा बसली तेव्हा खुर्ची टाकीसमोरच मागितली तिनं. दीर अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की शिस्त लागते, खाऱ्या पाण्याचं काम आहे, येरागबाळ्याचं नाही. जाऊ ऐकते आणि माझ्याकडं बघते.

आता तूच सांग, तुझ्याकडं रोज किती जण येतात आणि किती जणांच्या हातात तू डबा देतेस. आणि पाणी कुठलं घालतेस. लिहून कळवू नकोस, इकडंच ये. जाऊ अजून दुपारची कामं आवरून तिथं बसते, आजकाल क्रेटला हात लावत नाही, आणि नवं माणूस बोलायला मिळालं की तिला बरं वाटतं. नारायणगावच्या स्टँडवर उतर, मी घ्यायला येईन. पण लवकर ये हं.