खाली उतरवणारे काका

कॉलनीच्या ग्रुपवर कुणाला काढायचं झालं, की ॲडमिनकाका आधी दोनच शब्द लिहीत, "उतरा खाली." त्यांचा जन्म एसटीच्या कंडक्टरकीत गेलेला. विजापूर रोडच्या आमच्या कॉलनीतली दीडशे घरं त्यांना भरलेल्या गाडीसारखी वाटत. भांडणारा खाली, अफवा पसरवणारा खाली. ग्रुप शांत राही, म्हणून आम्हीही खूश होतो. मी त्यांचा मदतनीस ॲडमिन, तरी मला ते कधी विचारत नसत.

महानंदाताई शिवणकाम करायच्या आणि ग्रुपवर सतत तक्रारी टाकायच्या. दिवे, गटार, कुत्री. एका सोमवारी सकाळी त्यांनी लिहिलं, की कॉलनीच्या टाकीच्या पाण्याला वास येतोय, कुणी पिऊ नका. बाई पुन्हा घाबरवायला लागल्या, असे दोघांचे फोन काकांना आले. काकांनी दहा मिनिटांत मेसेज उडवला आणि ताईंना काढलं. त्यांनी फोन केला, तो काकांनी उचलला नाही. मग त्यांनी काकांनाच मेसेज पाठवला, "एकदा टाकीवर चढून बघा की." काकांनी तो वाचला आणि तसाच ठेवला.

गुरुवारी टाकी उघडली. आत दोन कबुतरं कुजलेली होती. तोवर अकरा घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या. मागच्या गल्लीतल्या सोमनाथची चार वर्षांची अनू शुक्रवारी दवाखान्यात वारली.

कॉलनीचे चेअरमन म्हणाले, मेसेज चुकून उडाला असं सांगून टाका. काकांनी ऐकलं नाही. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "महानंदाताईंनी सोमवारीच सांगितलं होतं. ते मी काढलं. टाकी बघितली नाही, त्यांचा फोन घेतला नाही. चूक माझी आहे." मग मला बरोबर घेऊन ते सोमनाथच्या दारात गेले.

सोमनाथ उंबऱ्यावर बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. म्हणाला, "तुमी लिवलं नसतं तर आमाला कळलंबी नसतं, काका. आता रोज आठवंल, की सोमवारीच कळणार हुतं."

तिथून आम्ही महानंदाताईंकडे गेलो. काकांनी हात जोडले आणि ॲडमिनपद सोडतो म्हणाले. ताईंनी मशीन थांबवलं नाही. "सोडू नका," त्या म्हणाल्या. "बसा तितंच. लोक काय बोलतील ते ऐका."

काका तीन वर्षं बसले. लोक बोलले, तेही वाईट बोलले. त्यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. तक्रार आली, की गुडघे धरत त्या घरी जायचे, समोर बसून ऐकायचे. दर पंधरा दिवसांनी टाकीवर चढायचे. मी चढतो म्हटलं, तर नुसती मान हलवायचे.

मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला, त्या दिवशी त्यांनी ग्रुप माझ्या आणि महानंदाताईंच्या हाती दिला. म्हणाले, "तक्रार वाचली की आधी राग येतो. तो जाईपर्यंत कशालाही बोट लावू नका."

पुण्यातच पाच महिन्यांत ते वारले. ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. सोमनाथ कॉलनी सोडून मंद्रूपला गेला होता. कळवावं की नाही, या विचारात दोन दिवस गेले. शेवटी फोन केला.

काका गेल्याचं मी सांगितलं. मग त्यानं विचारलं, "लई तरास झाला का त्यास्नी?"

मी म्हटलं, नाही, झोपेतच गेले.

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.