ठेवणार कुठे?

माझ्या मावशीने उभं आयुष्य दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरमागे काढलं. डॉक्टर दात उपटायचे आणि मावशी माणसं घरातून उपटून आणायची. दुखायचं थांबलं की पेशंट अपॉइंटमेंट विसरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती सकाळीच फोन करून अशा आवाजात "येताय ना?" विचारायची, की पलीकडचा माणूस मुकाट्याने बूट घालायला लागायचा.

काका गेल्यावर तिच्या लेकीने तिला आपल्याकडे राहायला बोलावलं. तिथे एक खोली मिळणार होती आणि इकडचं भाड्याचं घर रविवारी रिकामं करून द्यायचं होतं. सामान इंटरनेटवर विकायचं ठरलं. फोटो काढून जाहिराती टाकायच्या मी आणि घरी आलेल्या गिऱ्हाइकाला वस्तू द्यायची मावशीने. अवघड काम माझ्या वाट्याला आलंय असं मला वाटलं होतं. किती भोळी मी!

"आहे का?" असा मेसेज टाकून माणसं गडप व्हायची. "आहे" म्हटलं की त्यांच्या जिवाला शांती मिळत असावी, कारण पुढे चकार शब्द नाही. एक बाई मिक्सरसाठी "निघालेच" म्हणाली, ती अजून निघतेच आहे. पुस्तकांचं कपाट न्यायला एक प्राध्यापक सायकलवर आले आणि कपाटाकडे बघून म्हणाले, "फोटोत लहान वाटलं होतं." माझं डोकं फिरलं. मावशी मात्र टवटवीत झाली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तिला हक्काने झापायला इतकी माणसं मिळाली होती.

"तू हो बाजूला," म्हणत तिने फोन ताब्यात घेतला.

त्या दिवसापासून दवाखाना पुन्हा सुरू झाला. घराचा पत्ता कुणालाच द्यायचा नाही. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी यायचं, तिथून फोन करायचा, मग मावशी खाली उतरणार. सकाळी आठवणीचा फोन ठरलेला. शिवाय एकाच्या पाठोपाठ दुसऱ्याला वेळ द्यायची, म्हणजे पहिला घासाघीस करायला लागला की दुसरा मागे उभा राहून खाकरतो. पण तिचं खरं हत्यार म्हणजे एक प्रश्न होता. वेळ देण्याआधी ती विचारायची, "वस्तू ठेवणार कुठे?"

"बघू" म्हणणारा गळला. "स्वयंपाकघरात, खिडकीखाली, तिथली बादली हलवून" असं सांगणारा हमखास यायचा.

"ज्याने जागा केलीय ना, त्याने मनाने वस्तू नेलेली असते," मावशी म्हणाली. "नुसता देह यायचा बाकी असतो."

आणि खरंच फ्रिज गेला, पलंग गेला, प्राध्यापकांना नको झालेलं कपाटही गेलं. राहिली ती खुर्ची.

ही खुर्ची दवाखान्यातलीच, पेशंटला आडवं करतात ती. डॉक्टरांनी नवी घेतली तेव्हा जुनी मावशीला दिली. काकांनी ती बैठकीच्या खोलीत ठेवली आणि पुढे सगळा संसार तिच्यावर पडून केला. पेपर तिथेच, झोप तिथेच, आणि मावशीने कामाला लावायचं म्हटलं की दांडा खेचून पाय वर. "ठेवायची कुठे गं आई?" असं लेकीने फोनवर एकदाच विचारलं. त्यावर मावशी ताडकन म्हणाली, "कुठेच नाही. विकतेय मी."

पण विकली जाईना. एकाचा आवाज मावशीला उद्धट वाटला. एकीने जागा नीट सांगितली, तर म्हणे तिच्या घरात मांजर असणार. मग एका केशकर्तनालयाच्या मालकाचा फोन आला.

"ठेवणार कुठे?" मावशीने विचारलं.

"मधल्या आरशासमोर. तिथली मोडकी कालच भंगारात दिली."

आता याच्यात काय खोट काढणार? मावशी शनिवारी सकाळची वेळ देऊन मोकळी झाली.

शनिवारी मी मदतीला गेले, तर औषधांच्या दुकानापुढे टेंपो उभा आणि शेजारी लालबुंद झालेला केशकर्तनवाला. तो दुकानदाराला सांगत होता, "सकाळी आठवणीचा फोन करते म्हणाली, तो नाही. आता मी करतोय, तर उचलत नाही!"

मी धावत वर गेले. दार उघडंच होतं. रिकाम्या खोलीच्या मधोमध मावशी खुर्चीत आडवी पडली होती आणि पोटावर ठेवलेला फोन वाजत होता.

"मावशी, तो आलाय!"

"मघाशीच पाहिला खिडकीतून. चांगला आहे माणूस."

"मग घे ना फोन!"

"नाही घेत जा."

मला आधी हसूच फुटलं. जन्मभर न येणाऱ्यांचा उद्धार केलेली बाई स्वतः दडी मारून बसली होती! मग तिचे डोळे दिसले आणि माझं हसू विरलं.

"अगं, ठेवायची होती तर लेकीला सांगायचंस."

"काय सांगू? मीच आधी त्यांची एक खोली अडवतेय. वर ही धोंड?"

एवढ्यात केशकर्तनवाला धापा टाकत दारात आला. दुकानदाराने फितुरी केली होती. मावशी दांडा खेचून उठून बसली.

"तुम्ही वेळेवर आलात. मीच आले नाही," ती म्हणाली. "चुकले. पण खुर्ची नाही द्यायची मला."

"वा! माझ्याकडून दाराची रुंदी मोजून घेतलीत, जिना किती अरुंद आहे ते विचारलंत!" तो भडकला. "आणि तुम्ही? तुम्ही ठेवणार कुठे ही?"

"खिडकीच्या डावीकडे," मावशी श्वासही न घेता म्हणाली. "तिथे जावयाचं व्यायामाचं यंत्र आहे, त्यावर नुसते टॉवेल वाळतात. ते हलवायचं. मागे लेकीकडे गेले होते तेव्हा मी वितीने मापून आलेय."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी तोवर माझ्या मावसबहिणीला फोन लावून स्पीकर चालू केला होता.

"तुझी आई खुर्ची विकत नाहीये," मी म्हणाले. "तिकडे आणायची म्हणते, पण ते यंत्र..."

"यंत्र मंगळवारीच काढलं," ती म्हणाली. "आई विती टाकत होती ते दिसलं मला. पण विकायची विकायची म्हणून तिनेच धोशा लावला, मग मी गप्प बसले. जागा मोकळीच आहे."

मावशीने पदर डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला.

केशकर्तनवाल्याने एक सुस्कारा सोडला आणि खुर्चीचं एक टोक धरलं. "टेंपोचं भाडं तुमच्याकडे. नेमकं कुठे जायचं?"

सवयीने मावशी म्हणाली, "तिथे कोपऱ्यावर एक बेकरी आहे..." मग थांबली, आणि लेकीच्या घराचा अख्खा पत्ता मजल्यासकट सांगून टाकला.